सताप

बसस्टँडसमोर माझी टपरी: इलाही आर्ट्स, परतूर.
नंबरप्लेटा, दुकानांच्या पाट्या, लग्नाच्या गाडीला
मागच्या काचेवर दोघांची नावं, मधे बदाम.
तिथं ती सायकल ओढत आली,
चेन उतरलेली, कोपरापर्यंत निळा रंग,
आणि संस्थेच्या पोराला विचारायला लावलं,
मोठा ब्रश कुठं मिळेल.

नाव रुता. देश लिथुआनिया.
मी तीनदा म्हणून पाहिलं, तिन्ही वेळा वेगळा देश झाला.
सहा महिने वडारवस्तीत रंगवणार, फुकट.
फुकट?
माझ्या बापानं दर्ग्याचा घुमट फुकट रंगवला होता,
पण त्याचा हिशेब वर मांडलेला होता.
हिचा कुणाकडं, ते कळेना.

तिच्या वहीत भिंत आधीच तयार होती:
एक झाड, फांद्यांवर पोरं, पोरांना पंख.
खडी फोडणाऱ्या हातांनी बायांनी पानं उलटली,
जपून, दुसऱ्याच्या लेकीची पत्रिका उलटावी तशी.
मग दुर्गव्वा बोलली, तिला नाही, मला:
"पंख बरे हायेत. पण हिला म्हणावं
आमच्या दारावर नावं लिही.
मोजायला येत्यात ते खडूनं आकडा टाकून जात्यात.
कुत्र्यानं अंग घासलं की आम्ही नसतोच."

माझं इंग्रजी पाट्यांपुरतं.
स्पेलिंग चुकत नाही, वाक्य होत नाही.
नेम, डोअर, म्हणलं. विंग, नो.
ती बराच वेळ वहीकडं बघत राहिली.
राग आला असेल. आला तर कुठं ठेवला, दिसलं नाही.
सकाळी डबा धरून माझ्या बाजूला उभी.

अकरा घरं.
पत्र्याची दारं सात, पोत्याची तीन
(पोत्याला मागून कुणीतरी तळहात लावून धरायचं)
आणि एकाला दारच नाही,
तिथं उंबऱ्याच्या दगडावर: यल्लव्वा तिम्मा धोत्रे.
रंग घट्ट झाला की ती टर्पेंटाइन थेंबाथेंबानं सोडायची.
इतका नीट हेल्पर मला पंधरा वर्षांत मिळाला नाही.
'ळ' तिला फार आवडला.
कुसाळकरांच्या दारावर तो तिनं स्वतः काढला,
आडवा पडला, झोपल्यासारखा.
पुसायला निघालो तर कुसाळकरीण म्हणाली,
राहू द्या, दिवसभर राबून आलाय.

शेवटचं दार दुर्गव्वाचं. दारात तेलाच्या फुटक्या डब्यात
निळसर बारीक पानांचं रोप.
रुतानं एक पान चुरगाळलं, हुंगलं
आणि मटकन खालीच बसली.
मोबाईलवर तेच रोप दाखवलं, बर्फाच्या गावातलं,
मग स्वतःच्या छातीवर बोट: रुता.
दुर्गव्वा हसली नाही. विचार करून म्हणाली,
"सताप व्हय तू? मग बरंच हाय.
लेकराला पडसं झालं की धुरी देतो आम्ही हिची."

जाण्याआधी ती म्हणाली, खाली सही कर.
सही मी फक्त बँकेत करतो.
हाताच्या सवयीनं मोबाईल नंबर लिहिला.

मे महिन्यात मोजणीवाले आले.
साहेबानं एकेक दार मोठ्यानं वाचलं,
बाया बाहेर येऊन हाव म्हणाल्या,
काही तर दोनदा.
मग त्यानं वहीत लिहिलं: अतिक्रमण, अकरा.
आणि तिथूनच मला फोन लावला, दारावरचा नंबर बघून:
कचेरीची पाटी पुसट झालीय, किती घेशील?
मी भाव सांगितला. दीडपट सांगितला.

सताप आता तिच्या निळ्या रंगाच्या डब्यात लावलीय.
परवा गेलो तर नातवाला खोकला, घरभर धूर,
दारावरच्या नावाला काजळी चढलेली.
पुसून देऊ का, म्हणलं.
दुर्गव्वा पदरानं धूर दाराकडं सारत होती.
"नको," म्हणाली, "लागू दे नावाला पण."